पत्त्याचा रकाना

नमस्कार श्रोतेहो. मुंबईतील एका एचआयव्ही तपासणी केंद्रात मी काही वर्षे समुपदेशक म्हणून काम केले. तिथे मला सर्वांत अवघड वाटलेला प्रश्न लैंगिक संबंधांविषयीचा नव्हता, तर पत्त्याचा होता. केसपेपरवर नाव, वय आणि मग पत्ता असे रकाने असतात. समोर बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणे, "फलाट संपतो ना, तिथे पुलाखाली." पुढच्या महिन्यात तोच मुलगा मंडईच्या मागची जागा सांगे, कारण दरम्यान पुलाखालच्या सगळ्यांना उठवलेले असे. मी मुकाट्याने त्या रकान्यात जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव लिहीत असे.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर माणसे मोजली. ज्यांना रात्रभर कोणी ना कोणी हुसकावत असते, त्यांची मोजणी कितपत पूर्ण होत असेल, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा. त्यांतील तरुण मुले सगळी मुंबईचीच असतात असे नाही. बाप दारू पिऊन मारतो म्हणून, काकाने कामाला जुंपले म्हणून, किंवा वागणे 'बायकी' आहे या कारणावरून घरच्यांनीच बाहेर काढले म्हणून ती लांब पल्ल्याच्या गाडीत बसतात आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, दादरला किंवा कुर्ल्याला उतरतात. पुढे कचरा वेचणे, भंगार गोळा करणे, पाण्याच्या बाटल्या विकणे, लग्नसराईत केटररकडे वाढप्याचे काम करणे, असा त्यांचा दिवस जातो. दिवस कसाबसा निभतो. खरी अडचण रात्रीची असते.

एचआयव्हीचा धोका अज्ञानातून येतो, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि ते काही अंशी खरेही आहे. पण माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांना निरोध म्हणजे काय हे ठाऊक होते. तो वापरायला सांगण्याची ताकद मात्र त्यांच्याकडे नव्हती. फलाटावरची कोरडी, उजेडातली, पोलिसाच्या दंडुक्यापासून सुरक्षित जागा फुकट मिळत नाही. ती कोणीतरी थोराड माणूस मिळवून देतो, जेवण देतो, मारामारीत मध्ये पडतो, आणि काही दिवसांनी त्याचा मोबदला वसूल करतो. कधी हा मोबदला उघड जबरदस्तीने घेतला जातो, तर कधी मुलगाच म्हणतो, "तो माझी काळजी घेतो." अशा संबंधात दोघांपैकी एकाच्याच हाती सगळे ठरवण्याचा अधिकार असतो. जबरदस्तीत शरीराला जखमा होतात, त्यातून विषाणूचा शिरकाव सोपा होतो; उपचार न केलेला गुप्तरोग असेल तर धोका आणखी वाढतो. त्यातच सोल्युशन, म्हणजे पंक्चर काढायला वापरतात तो उग्र वासाचा चिकट द्रव. रुमालावर ओतून ते हुंगले की भूक आणि थंडी दोन्ही जाणवेनाशी होते, म्हणूनच ते हुंगले जाते. पण त्या गुंगीत आपल्याशी काय घडले, हेही सकाळी नीट आठवत नाही.

हे सारे मुलींच्या बाबतीतच घडते, असा एक सोयीचा समज आहे. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या बालशोषणाच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला होता, आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. रस्त्यावर मुली कमी दिसतात याचे कारण वेगळे आहे: एकटी आलेली मुलगी स्थानकावर फार काळ एकटी राहू दिली जात नाही. कामाचे, लग्नाचे आमिष दाखवून तिला कोणीतरी घेऊन जाते, आणि पुढे तिची पहिली एचआयव्ही तपासणी बहुधा गरोदरपणातच होते.

आता आपल्या व्यवस्थेकडे पाहू. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळला, आणि त्यानंतर उभा राहिलेला राष्ट्रीय कार्यक्रम मी आतून पाहिला आहे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण तो प्रामाणिक आहे. तपासणी मोफत आहे. २००४ पासून एआरटीची, म्हणजे विषाणूला आटोक्यात ठेवणारी औषधे मोफत मिळतात, आणि २०१७ पासून संसर्ग आढळताच, प्रतिकारशक्ती खालावण्याची वाट न पाहता, उपचार सुरू होतात. मात्र हा कार्यक्रम जोखमीचे गट धरून चालतो: देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, स्थलांतरित मजूर, ट्रकचालक. फलाटावर झोपणारा सतरा वर्षांचा मुलगा यांतल्या दोन-तीन गटांत थोडा थोडा बसतो आणि पुरता कोणत्याच गटात बसत नाही. तपासणीसाठी अठरा वर्षांखालील मुलाच्या पालकाची संमती लागते. ज्याच्यापासून तो पळून आला, त्याचीच सही कशी आणायची? पालक नसलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या सरकारी बालकल्याण समितीचा मार्ग आहे. पण समिती म्हटले की या मुलांना बालगृहाचे फाटक दिसते, आणि ती उठून निघून जातात.

कायद्याचा आणखी एक पेच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हेतू योग्यच आहे, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण आपण बोललो तर पोलीस येणार, आणि रात्री मात्र त्याच माणसाच्या शेजारी झोपायचे आहे, हे मुलाला कळते. त्यामुळे ज्याला बोलण्याची सर्वाधिक गरज असते, तोच गप्प बसतो.

एक गोष्ट मात्र ऐकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अत्याचार झाला असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सरकारी रुग्णालयात जाऊन एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ आणि अडचणीतील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक विनाशुल्क आहेत.

संसर्ग आढळल्यावर पुढे काय होते? रोज एकच गोळी घ्यायची असते. नियमित घेतली तर रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होतो, आणि मग लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. घर असलेल्या माणसाला हे ऐकून हायसे वाटते. बेघर मुलगा विचारतो, "पण डबी ठेवू कुठे?" तीस गोळ्यांची ती प्लास्टिकची डबी खिशात चालताना खुळखुळते. पोलिसाने झडती घेतली तर ती नशेची गोळी ठरते, सोबतच्या मुलांना दिसली तर चोरली जाते, पावसात भिजते. आणि तिच्यासोबतचे, उपचारांच्या नोंदीचे हिरवे पुस्तक कोणी उघडून पाहिले, तर झोपायची जागाही जाते. औषध मध्येच सोडणारी मुले बेफिकीर असतात, असे मीही सुरुवातीला समजत होतो. ही डबी चालताना कशी वाजते, ते एकाने मला खोलीत चालून दाखवले, तेव्हापासून मी तसे म्हणणे सोडले.

शहरात एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांना पुरेल असा कायम निवारा असावा, हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. २०११ साली मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे ते नाहीत. असलेल्या निवाऱ्यांत कुलूप लागणारे छोटे कपाट प्रत्येकाला मिळाले, तरी गोळ्यांचा निम्मा प्रश्न सुटेल, असे माझे मत आहे. आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात मात्र कपाट बसत नाही.

खोलीत चालून दाखवणाऱ्या त्या मुलाने शेवटी स्वतःच तोड काढली. डबीत कापूस कोंबला, म्हणजे ती वाजत नाही, आणि ती स्थानकाबाहेरच्या एका चहावाल्याकडे ठेवली. आत काय आहे हे चहावाल्याने विचारले नाही. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी तो मुलाला हाक मारून पाण्याचा ग्लास पुढे करी. मे महिन्यात चहावाला गावी जाणार असे कळले, तेव्हा मुलगा आदल्या दिवशी डबी घेऊन माझ्याकडे आला. पंधरा दिवस ती माझ्या टेबलाच्या खणात राहिली, आणि दोन रविवार सोडले तर तो रोज आला. त्या दोन रविवारी आमचे केंद्र बंद होते.