गार इंजिनाची पहिली दोन मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाच्या सुमारास पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक दृश्य हमखास दिसते. पाठीला दप्तर लावलेले, कानटोपी घातलेले मूल मोटारीच्या मागे उभे असते. आई किंवा वडील मोटार सुरू करून ठेवतात आणि डबा वरच राहिला म्हणून पुन्हा जिना चढतात. पारा दहा-बारा अंशांवर असतो, मोटार जागच्या जागी चालू असते, सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंब टपकत असतात आणि भोवती कच्च्या पेट्रोलचा वास पसरलेला असतो. मला आज याच दोन-तीन मिनिटांविषयी बोलायचे आहे, कारण चांगल्या स्थितीतली आधुनिक पेट्रोल मोटार एका छोट्या फेरीत जेवढा कार्बन मोनॉक्साइड आणि जेवढे न जळलेले पेट्रोल हवेत सोडते, त्याचा मोठा हिस्सा ती याच वेळात सोडून मोकळी होते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची आधी वाफ व्हावी लागते. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग मिळाले, तर ते पुरते जळते. इंजिन गार असताना मात्र इंजेक्टरने मारलेल्या फवाऱ्याचा बराच भाग गार भिंतींना चिकटून राहतो, म्हणून इंजिन बंद पडू नये यासाठी मोटारीतला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत आपण चोक ओढत असू, त्यामागचे कारण हेच होते. या जास्तीच्या पेट्रोलला हवा पुरत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आणि भिंतीला चिकटलेले पेट्रोल अर्धवट जळून किंवा अजिबात न जळता बाहेर पडते. पार्किंगमध्ये नाकाला जाणवतो तो वास त्याचाच.

एरवी हा सगळा ऐवज धुराच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पोटात घेतो. मातीच्या भांड्यांच्या जातीच्या पदार्थाची ही एक जाळी असते. तिच्या एका चौरस इंचात सरळ आरपार जाणाऱ्या चारशे ते सहाशे बारीक नळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्याच्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही आले, कारण शिशाने हा लेप निकामी होतो. तापलेला कन्व्हर्टर आपल्याकडे आलेल्या विषारी वायूंपैकी शेकडा पंच्याण्णवहून अधिक भाग निरुपद्रवी करतो. अट एकच: तो अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला हवा. त्याआधी तो नुसता असून नसल्यासारखा असतो.

आता त्या टपकणाऱ्या थेंबांकडे पुन्हा पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. एरवी ते वाफ होऊन निघून जाते, पण गार जाळीवर ते दव पडल्यासारखे साठते. मग इंजिनातून येणारी उष्णता जाळी तापवण्याऐवजी काही काळ या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. कन्व्हर्टरच्या तापमानाचा आलेख पाहिला, तर पन्नास-साठ अंशांजवळ तो काही सेकंद अडून राहिलेला दिसतो. मोजकीच सेकंदे असतात ती, पण तेवढा वेळ घाण वायू जसाच्या तसा बाहेर जात असतो.

म्हणूनच गेल्या तीन दशकांत इंजिनीअरांनी या प्रश्नावर जे काम केले, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरते: जाळीपर्यंत उष्णता लवकर कशी पोहोचवायची. पूर्वी मोटारीच्या पोटाखाली असणारा कन्व्हर्टर आता इंजिनाला अगदी खेटून बसवतात. जाळीच्या भिंती पातळ केल्या, म्हणजे तापवायचे वजन कमी झाले. काही मोटारींत विजेवर तापणारी जाळीही असते. मला सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती मात्र वेगळीच आहे आणि तिला जादा सुटा भाग लागत नाही. एरवी पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडते. गार इंजिनात संगणक ती मुद्दाम उशिरा पाडतो. त्यामुळे जळण लांबते, चाकाकडे जाणारी ताकद घटते आणि वाचलेली उष्णता थेट कन्व्हर्टरकडे जाते; इंजिन बंद पडू नये म्हणून त्याचे फेरे मात्र वाढवावे लागतात. सकाळी मोटार सुरू केल्यावर आरपीएमचा काटा वर चढतो आणि मिनिटभराने खाली येतो, तो यामुळे. हा बिघाड समजून गॅरेजमध्ये तो ‘ॲडजस्ट’ करून घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हा प्रश्न मोजमापात यायलाही वेळ लागला. युरोपातल्या चाचणीत इंजिन सुरू झाल्यावरची पहिली ४० सेकंदे जमेसच धरत नसत. २००० साली लागू झालेल्या युरो ३ मानकांनी ही सवलत काढून घेतली आणि किल्ली फिरवल्या क्षणापासूनचा धूर मोजला जाऊ लागला. आपल्या वेताळ टेकडीवरच्या ए.आर.ए.आय. या संस्थेत, जिच्या नावाने सकाळी फिरायला जाणारे पुणेकर ती टेकडीच ओळखतात, अशा चाचण्या होतात. मोटार तासन्‌तास ठरावीक तापमानात उभी ठेवून गार करतात, मग रोळांवर चढवून सुमारे वीस मिनिटे चालवतात आणि धुराचे नमुने पिशव्यांत गोळा करतात. १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकांनुसार पेट्रोल मोटारीने किलोमीटरला १ ग्रॅमहून अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडायचा नाही; मोजणी गार इंजिनापासून होत असल्याने पहिले मिनिट सांभाळल्याखेरीज ही मर्यादा गाठता येत नाही. पीयूसी तपासणी मात्र गरम इंजिनावर होते. तिथे उत्तीर्ण झालेली मोटार सकाळी काय करते, हे त्या कागदावरून कळत नाही.

मग आपल्या हातात काय उरते? कार्ब्युरेटरच्या काळात गाडी उभ्या-उभ्या गरम करण्याची सवय आपल्याला लागली. इंजेक्शनच्या गाडीला तिची गरज नाही. उभी गाडी हळू तापते, चालती लवकर तापते. सर्वांनी बसून घ्यावे, मग किल्ली फिरवावी आणि पहिला एक-दोन किलोमीटर ॲक्सिलरेटर जोरात न दाबता जावे. आपल्या शहरातली बरीच कामे दोन-तीन किलोमीटरच्या आत असतात. भाजी, बँक आणि औषधे यांसाठी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वेगळ्या फेऱ्या केल्या, तर तीन वेळा गार सुरुवात होते. ओळीने केल्या तर एकदाच. चालत जाता आले तर एकदाही नाही.

आणखी एक गोष्ट मला अनुभवाने शिकावी लागली. माझी पहिली मोटार उन्हाळ्यात घाटात तापली, तेव्हा एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला आणि ‘आता कधीच तापणार नाही’ असे सांगितले. खरेच तापली नाही, वर्षभर नीट तापलीच नाही. हा छोटा वॉल्व्ह इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की थंडीत इंजिन योग्य तापमानाला येतच नाही आणि संगणक ते गारच आहे असे धरून जादा पेट्रोल सोडत राहतो. पेट्रोलचा खर्च वाढला होता, सायलेन्सरचे तोंड काजळले होते आणि मी कारण इंधनात शोधत होतो. आपल्याकडे हा उपाय आजही सर्रास केला जातो. तुमच्या मोटारीत तापमानाचा काटा असेल, तर उद्या सकाळी तेवढा पाहा. सात-आठ किलोमीटर चालवूनही तो मधोमध आला नाही, किंवा काट्याऐवजी असलेला निळा दिवा विझला नाही, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का आणि तो नीट बंद होतो का, हे तपासून घ्या.