तात्यांची पानिपतची संगीन

पत्रिकेत माझा विषय 'जुनी संगीन कशी ओळखावी' असा छापलाय. तिकडे येतोच, पण आधी तात्यांची गोष्ट सांगू द्या. ती पोटात घेऊन मी चार वर्षं हिंडतोय.

सातारा जिल्ह्यातला जुना वाडा. चहा झाला, तात्यांनी देवघरातून लाल फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली आणि म्हणाले, "पानिपतावरून आणलेली कट्यार." मी फडकं सोडलं. सतरा इंची पातं, लाकडी मूठ, मुठीच्या टोकाशी एक कळ. दाबली तर मागेपुढे सरकते. पुढच्या आडव्या पट्टीला कडं. मी विचारलं, "तात्या, हे कडं कशाला?" "बोट घालायला. पकड सुटू नये म्हणून." (हसू नका, असं सांगणारी अजून तीन घरं मला ठाऊक आहेत.) ते कडं रायफलच्या टोकाला अडकतं आणि कळ संगीन तिथे धरून ठेवते. पानिपत 1761 चं, आणि ही इंग्रजी फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलला लावायची संगीन, 1907 चा नमुना. इंग्रजांनी ती जपानी अरिसाका रायफलच्या संगिनीवरून बेतली.

तात्यांचा नातू मोबाइलचा दिवा पाडून वाचायला लागला, "आजोबा, इथे 1907 लिहिलंय. म्हणजे 1907 साली बनली." इथे माझं डोकं फिरतं. अहो, 1907 हे नमुन्याचं साल. जन्मतारीख त्याच्या खाली बारीक आकड्यांत असते, आधी महिना, मग सालाचे शेवटचे दोन आकडे. त्याच्याही खाली कारखान्याचं नाव.

आता माझी तक्रार. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजन. पूजन करा, झेंडू वाहा, माझं काही म्हणणं नाही. पण आदल्या दिवशी चिंच, रांगोळी आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचं? तात्यांच्या चिरंजीवांनी तर एका वर्षी ग्राइंडर फिरवला. आरशासारखी लखलखली! मुकुट पुसट, त्याखाली 'जीआर', म्हणजे राजा जॉर्जची अक्षरं, कसंबसं, 1907 शाबूत. पुढे महिन्याचा पाच, सालातला फक्त पहिला एक. कारखान्याच्या नावातलं शेवटचं 'सन' तेवढं उरलेलं. आता विल्किन्सनही सन आणि शेफिल्डचा सँडरसनही सन. सन उरला, साल गेलं!

एका आकड्यासाठी एवढा त्रागा कशाला, असं वाटेल. तात्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात 117व्या मराठा पलटणीत, इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होते, असं घरात सांगतात. ती पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 1914 मध्ये बसऱ्याकडे गेली होती, हे खरं. कूट तुर्कांच्या हाती पडलं 29 एप्रिल 1916 ला. पुसलेला आकडा सात असेल तर ही संगीन कूटला नव्हतीच. चार असेल तर तिथे असू शकते. पण शरण आलेल्या शिपायाच्या कमरेला तुर्क संगीन ठेवतील का? मग ती वाड्यात आली कुठून? हे सगळं मी तात्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पानिपतच बरं."

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, तीन.

तर विषय. लांबी मोजा. सतरा इंची पातं म्हणजे मूळ नमुना. बारा इंची असेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धातली हिंदुस्थानी आवृत्ती. त्यावर 'आरएफआय' शोधा, म्हणजे बंगालमधल्या ईशापूरचा रायफल कारखाना. आडव्या पट्टीला खाली गळासारखा वळलेला हूक असेल तर ती 1913 आधीची. पण पुढे पुष्कळांचे हूक कापून टाकले, तेव्हा नसला तरी ती जुनी असू शकते. मुठीच्या टोकाला खाचेतली घाण काढायचं भोक 1916 पासून. जुन्यांनाही मागाहून पाडलं, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. तात्यांच्या संगिनीला भोक आहे, त्यामुळे काहीही सिद्ध होत नाही. पात्याच्या दुसऱ्या बाजूला बाण म्हणजे सरकारी माल आणि फुली म्हणजे पातं वाकवून तपासलं. बाणाखाली 'आय' म्हणजे हिंदुस्थान. मुठीवरचे आकडे पलटणीचे असू शकतात, ते उतरवून घ्या. म्यान वेगळ्याच संगिनीचं असणं अगदी नेहमीचं.

शिपायाचं नाव मात्र संगिनीवर नसतं. ते पदकाच्या कडेवर कोरलेलं असतं, नंबर आणि पलटणीसकट. तात्यांकडे पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक होतं. कुठे आहे विचारलं, तर आत्याबाईंच्या बारशाला आटवून वाळे केले.

कायद्याचंही सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत संगीन नावानिशी आहे, तेव्हा घरात निघाली तर आधी परवान्याची चौकशी करा.

शेवटच्या रांगेतले काका मघापासून मांडीवर एक लांबट पिशवी घेऊन बसलेत, माझं लक्ष आहे. इथे उघडू नका. चहाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरा, मी भिंग आणलंय. आणि काका, तो रुमाल आधी खिशात ठेवा.