फी भरायची तारीख आणि मुलांची शाखा

मंडळी, बारावीनंतर पोरगा-पोरगी कोणती शाखा घेणार हे मार्कांवर ठरतं, असं आपण म्हणतो. मार्क लागतातच. पण कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या गावांत त्याआधी एक गोष्ट ठरलेली असते: जुलै-ऑगस्टमध्ये घरात रोख किती आहे. प्रवेशाचे दिवस आणि निंदण-डवरणी, खत-फवारणीचे दिवस एकच. पीककर्ज शेतात गेलेलं असतं. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, कापसाचे चुकारे त्याच्याही पुढे. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे. लाखभर फीसाठी बारा क्विंटलच्या वर कापूस लागतो, आणि यात लागवडीचा खर्च वजा केलेला नाही.

फी वाढली तशी पसंती सरकत गेली. 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. जागा वाढल्या, खर्च पालकांवर आला. ज्यांना तो झेपेना, त्यांतल्या अनेकांनी डी.एड. धरलं: दोन वर्षं शिकायचं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागायचं. शिक्षकभरती थांबली आणि ती वाट आटली. बी.एड. 2015 पासून एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, म्हणजे खोलीभाडं आणि मेसही दुप्पट. मग उरलं जवळच्या अनुदानित कॉलेजातलं बी.ए. तिथे प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. त्याच इमारतीत बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतं आणि फी कितीतरी जास्त. अशा मुलाला ‘आवड नव्हती’ म्हणणं अन्यायाचं आहे.

ऑस्ट्रेलियाने 2021 मध्ये मानव्यविद्यांची फी दुपटीहून वाढवली आणि नर्सिंग, शिक्षकी, गणिताची कमी केली. मुलं फारशी वळली नाहीत. तिथे बहुतेक विद्यार्थ्यांना फी लगेच भरावी लागत नाही. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की ती करासोबत वसूल होते. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून फीचा घाव थेट शाखेवर बसतो.

आता कामाचं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेस मात्र त्यात येत नाहीत, तो हिशेब वेगळा मांडा. या दोन्ही सवलती कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या जागेलाच लागतात. कॅपमध्ये मेकॅनिकल मिळालं, ते सोडून संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, कॉम्प्युटर घेतलं, तर सवलत जाते आणि पूर्ण फी अंगावर येते. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

दुसरी अडचण कागदांची. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी अकरावीतच सुरू करा. पडताळणी वेळेत आली नाही तर राखीव जागा हातची जाते. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, पैसा आधारला जोडलेल्या खात्यात येतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही. कोणतं खातं मॅप झालंय ते विचारून घ्या. नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते, आणि कॉलेज फी मागत राहतं.

दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनातून तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग गावात पुरेसा सांगितला जात नाही. पदवीचं एक वर्ष वाचतं. डिप्लोमावर नोकरीही मिळू शकते, तेव्हा पुढची फी झेपली नाही तरी हात रिकामे राहत नाहीत.

शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळायला हवं, पण बापाचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँकेच्या शाखेत अर्ज अडतो. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षणकाळ आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, मात्र व्यावसायिक-तांत्रिक अभ्यासक्रमालाच, आणि त्यासाठी सहसा नॅक किंवा एनबीए या राष्ट्रीय संस्थांचं गुणवत्ता मानांकन लागतं. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजचं मानांकन तपासा.