डी बॅच

अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं की मी चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. खरं आहे. त्यातली किती वर्षं विद्यार्थी शिकले, ही आकडेवारी त्यांनी मागितली नाही, याबद्दल आभार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘महाविद्यालयातील विविधता : अर्थ आणि मूल्य’. हे शीर्षक माझं नाही. मी फोनवर ‘डी बॅच’ एवढंच सांगितलं होतं. पलीकडून विचारलं, “डी म्हणजे डायव्हर्सिटी का सर?” म्हटलं, असेल बुवा.

आपल्या पुण्यात नुसतं नाव सांगून भागत नाही. समोरचा पुढचं ऐकायला थांबतो. “पूर्ण नाव?” आडनावावरून उलगडा झाला नाही, तर “मूळचे कुठले?” त्यानंही नाही झाला, तर “कुलदैवत कोणतं?” मी संख्याशास्त्रवाला. मी याला वर्गीकरण म्हणतो. आमच्यात ते नमुना घेतल्यावर करतात, इथं चहा द्यायच्या आधी करतात.

तर डी बॅच. आमच्या कॉलेजात (नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे) प्रॅक्टिकलच्या चार बॅच होत्या. रोल नंबर प्रवेशाच्या क्रमानं. ज्याची फी आधी भरली, त्याचा नंबर आधी. पहिले तीस ए बॅच, शेवटचे तीस डी. यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं होतं? अजिबात नाही. पण व्हायचं काय बघा. यादी लागली की कोथरूडचा मुलगा वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून अकराला येणार, साडेअकराला घरी. लातूरच्या मुलीचं नाव त्याच यादीत, पण तिचं नॉन-क्रीमी लेयर गेल्या वर्षीचं. तहसीलला गेली तर साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर सर्व्हर डाऊन. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती रात्रभर ट्रॅव्हल्सनं येऊन खिडकीशी उभी राहणार. रोल नंबर एकशे बारा. दर वर्षी डी बॅच अशी आपोआप तयार व्हायची. तिथं हॉस्टेलची पोरं, दाखल्यांची पोरं, पूर्वोत्तरातला एखादा, आणि एखाद्या वर्षी व्हिसाच्या कागदांत अडकून उशिरा आलेला इराणी.

डी बॅच शनिवारी दुपारी दोन ते पाच. विभागाच्या कपाटात कॅल्क्युलेटर मोजकेच. चांगले बाकीच्या बॅचवाले आठवडाभर दप्तरात घेऊन फिरायचे. शनिवारी उरायचे ते असे, की सात दाबलं की पडद्यावर दोनदा सात उठायचे. डी बॅचची सरासरी कायम जास्त यायची. ती हुशारीनं नव्हे, सातामुळे.

हे माझ्या लक्षात यायला अकरा वर्षं लागली. मी शिकवत होतो काय, तर यादृच्छिक निवड, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी. मग मी माझ्या पेपरपुरतं ठरवलं की बॅच आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून करायच्या. श्रीखंडाचा रिकामा डबा, एकशे वीस चिठ्ठ्या. विभागप्रमुख म्हणाले, “पालकांचे फोन येतील.” आलेच. एक बाई म्हणाल्या, “आमच्या मुलाचं जर्नल दुसऱ्याच्या भाषेत झालं तर?” मी म्हटलं, जर्नल इंग्रजीत असतं, ते तसंही दुसऱ्याच्याच भाषेत आहे. हे उत्तर प्राचार्यांपर्यंत गेलं. समिती नेमली. दोन वर्षं समिती बसली. त्याच समितीनं दरम्यान पारंपरिक वेशभूषा दिन दहा मिनिटांत मंजूर केला, फेट्यांच्या खर्चासकट. माझा डबा मात्र ‘विचाराधीन’. रागावलोय असं समजू नका. म्हणजे, रागावलोयच.

मी डबा चालूच ठेवला. २०१६ चा जुलै. एप्रिलपासून मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तुम्हाला आठवत असेल. आमचं प्रॅक्टिकल होतं प्रश्नावली तयार करण्याचं, विषय घरगुती पाणीवापर. चिठ्ठीत जोडी निघाली सदाशिव पेठेतला एक मुलगा आणि ही लातूरची. मुलगा तयारीचा. त्यानं पहिला प्रश्न लिहिला, ‘आपल्याकडे नळाला पाणी किती तास येते?’ पर्याय : दोन तासांपेक्षा कमी, दोन ते सहा, सहापेक्षा जास्त. वर तिला म्हणाला, “आमच्याकडेही फार हाल आहेत. दुपारी येतच नाही.” तिनं त्याच्याकडे कौतुकानं बघितलं. मग मला म्हणाली, “सर, ह्यात टँकर कुठंय? आन् किती तास नाही, किती दिवसाला ते विचारावं लागंल ना.” मुलगा दोन मिनिटं गप्प. मग त्यानं आख्खं पान फाडलं.

या गोष्टीवर मी पुढची काही वर्षं जगलो. प्रत्येक परिसंवादात सांगितली. टाळ्या यायच्या. निष्कर्ष ठरलेला : बघा, वर्गात सगळीकडची मुलं एकत्र आली की प्रश्न सुधारतात.

तीन वर्षांपूर्वी ती मुलगी भेटायला आली. विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. चहा झाला. म्हणाली, “सर, ती टँकरची गोष्ट सांगणं बंद करा.” मी चाट पडलो. “तुम्ही मला कायम दुष्काळाचीच करून ठेवलीय. त्याच प्रॅक्टिकलात नमुन्याचं वाटप चुकलं होतं. नेमन अ‍ॅलोकेशन, म्हणजे कोणत्या गटातून किती घरं घ्यायची ते गट केवढा आणि त्यात फरक किती यावरून ठरवायचं, ते मी बसवलं होतं, सगळे स्तर नव्यानं मोजून. ते तुम्हाला आठवतं का?” खोटं कशाला बोलू, नव्हतं आठवत. माळ्यावरून जुनी जर्नल्स काढली. गणित तिच्याच अक्षरात होतं. खाली माझा शेरा : ‘व्हेरी गुड’. आणि नावं लिहिलेली त्या मुलाचं आधी, तिचं नंतर. आज गोष्ट सांगतोय ती तिला विचारून, आणि हा उत्तरार्ध सांगायच्या अटीवर.

ही चिठ्ठी आली बघा. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत पळत.

‘डायव्हर्सिटी’ हा शब्द कॉलेजप्रवेशाच्या चर्चेत रुळला तो अमेरिकेतून. तिथं १९७८ मध्ये अ‍ॅलन बाकी (Bakke) नावाच्या, प्रवेश न मिळालेल्या गोऱ्या उमेदवाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयानं शंभरांपैकी सोळा जागा अल्पसंख्याक वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या रद्द झाल्या. न्यायमूर्ती पॉवेल यांचं म्हणणं असं, की समाजानं केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण चालणार नाही, पण विद्यार्थिवर्ग विविध असावा हे कारण चालेल, कारण त्यानं शिक्षण सुधारतं. म्हणजे जागा कशासाठी? तर सगळ्या वर्गाच्या फायद्यासाठी. माझी टँकरची गोष्ट अगदी हेच म्हणत होती! आणि फायद्यावर उभं केलेलं काढूनही घेता येतं. जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करणं जवळपास बंद केलं.

आपलं मूळ वेगळं आहे. मद्रासच्या चंपकम दोराइराजन खटल्यात राखीव जागा रद्द झाल्या, त्यावर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं कलम १५(४) आलं. त्यात मागास वर्गांच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या उन्नतीची भाषा आहे. विविधता हा शब्दच नाही. लातूरची मुलगी बाकावर बसते ती तिचा हक्क म्हणून. पेठेतल्या मुलाला टँकर समजावून सांगणं हे त्या बाकाचं भाडं नव्हे. तिनं सांगितलं तर त्याचं नशीब. विविधतेचं मूल्य आहेच, मी संख्याशास्त्रवाला, फरक नसेल तर माझं दुकानच बंद. पण ते मूल्य कामात निघतं, एका जर्नलवर दोघांनी मान घातल्यावर. फेट्यात निघत नाही.

आणखी एक घाईत. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी करायला मदत केली, त्याला आज काहीजण नाकं मुरडतात. पण आधी गावात टेकायला जागा तर हवी! पुढे भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करायची. जेवायची, असं नाही म्हणत मी. स्वयंपाक करायची. यावर खरं तर वेगळं व्याख्यान द्यायला हवं.

अध्यक्ष उभे राहिले. मेस, लायब्ररी, हॉस्टेलच्या खोल्या, काहीच झालं नाही. डी बॅचचं काय झालं तेवढं सांगतो. मी निवृत्त झालो त्या वर्षी प्रवेश ऑनलाइन झाले. लिंक रात्री बाराला उघडते. रोल नंबर भरलेल्या फॉर्मच्या क्रमानं. ए बॅच सव्वाबाराला भरते.