दादासाहेबांची चार एकर

मंडळी, नमस्कार आणि जय भीम.

'कर्मवीर भाऊराव' म्हटलं की मराठी माणसाचं मन थेट साताऱ्याला जातं. आज आपण आठवतोय ते भाऊराव नाशिकचे. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, सगळ्यांचे दादासाहेब. जन्म 15 ऑक्टोबर 1902, दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव. 1937 साली मुंबई विधानसभेत, 1957 साली नाशिकमधून लोकसभेत, मग 1962 ते 1968 राज्यसभेत. 1968 मध्ये पद्मश्री. 29 डिसेंबर 1971 ला ते गेले. पदांचा पाढा इथेच संपवू, कारण त्यांची खरी कामगिरी सभागृहाच्या बाहेर झाली.

काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते सचिव होते. 2 मार्च 1930 ला मिरवणूक मंदिरापाशी पोहोचली तेव्हा दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया. एका दिवसाची गर्दी भाषणावर जमते. वर्षानुवर्षं चालणारा सत्याग्रह मात्र याद्यांवर चालतो: कुठल्या गावची माणसं कधी येणार, भाकरी कोण देणार, अटक झालेल्याच्या घरी कोण बघणार. सचिवाचं काम ते हेच, आणि आपल्याकडे पुतळे उभारताना ते कुणाला दिसत नाही. पुढे 3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी दादासाहेबांनाच कळवलं, की मंदिरप्रवेश हे अंतिम साध्य नव्हतं, लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा हेतू होता.

मग साध्य काय? दादासाहेबांचं उत्तर होतं, जमीन.

1 ऑगस्ट 1959 पासून कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे महारांसारख्यांना गावकामापोटी पिढीजात मिळालेले हक्क आणि जमिनी, कायद्याने गेली. वतनाची जमीन सरकारजमा झाली आणि ठरावीक रक्कम भरल्यावर नवीन शर्तीने परत मिळाली. सातबाऱ्यावर आज 'भोगवटादार वर्ग 2' दिसतं ते यातूनच. ती विकायला सरकारची परवानगी लागते. पण जमीन थोडी, भाऊबंद फार. शिवाय ज्यांच्याकडे वतनच नव्हतं त्यांच्या हाती काहीच नाही. म्हणून 1959 चा भूमिहीनांचा सत्याग्रह, आणि 6 डिसेंबर 1964 पासून देशभरातला दुसरा. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा खरंच अमलात आणा, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, या मागण्यांसाठी माणसं तुरुंगात गेली. तैलचित्र लागलं 12 एप्रिल 1990 ला. भिंतीवरच्या एका चित्राला पंचवीस वर्षं लागली, मग जमिनीचं काय सांगावं!

गायरानाचंच, म्हणजे गुरं चारायला राखलेल्या गावच्या सरकारी जमिनीचंच घ्या. नांगर घातला म्हणजे जमीन नावावर होत नाही. तलाठ्याकडे अतिक्रमणांची वेगळी नोंदवही असते, तिला '1-ई' म्हणतात. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची वाट उघडली. अडतं ते पुराव्यावर. ज्यांना दंड झाला त्यांच्याकडे पावती असते, म्हणून त्यांचा दावा टिकतो. ज्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही, त्यांची कसलेली वर्षं कागदावर उमटतच नाहीत. म्हणजे दंडाची पावती हाच हक्काचा कागद! जुन्या पेटीत असा कागद सापडला तर फेकू नका.

आता त्यांच्या नावाची योजना. 2004 साली सुरू झालेली 'कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना'. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या, दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य. आधी निम्मं कर्ज आणि निम्मं अनुदान असायचं, 2018 पासून पूर्ण अनुदान. जमीन सरकार विकत घेतं आणि वाटून देतं. लाभार्थ्याला ती विकता येत नाही.

गाडी अडते ती भावावर. 2018 च्या निर्णयात कमाल दर एकरी पाच लाख जिरायतीला आणि आठ लाख बागायतीला ठरला. दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात या पैशात कोण जमीन देईल? ज्या तालुक्यात दादासाहेब जन्मले, तिथेच त्यांच्या नावाने जमीन मिळणं अवघड, ही चेष्टाच म्हणायची. सिन्नर, येवला, नांदगावच्या कोरडवाहू भागात मेळ बसू शकतो.

इथे आपला संबंध येतो. आपण परदेशात आहोत, आणि या सभागृहात बसलेल्या बऱ्याच जणांची अशी कोरडवाहू जमीन गावाकडे पडून असेल. ती या योजनेसाठी सरकारला विकायची असेल तर अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करायचा. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. पण आधी घरचं निस्तरा. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करा. चुलत्यांशी वाटप झालं नसेल तर ते करून मोजणी आणा. गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवा. स्वतः जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. ही मुदत हुकली की कागद अडतो, आणि त्याच्यासोबत कुणाची तरी चार एकरही.

वारस नोंदीच्या अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. चहा घेता घेता घेऊन जा.