तळ कसला आहे?

नमस्कार मंडळी.

पडद्यावरचा फोटो बघून पहिल्या रांगेतल्या काकू आत्ताच म्हणाल्या, "काय सुंदर निळं पाणी आहे!" सुंदर आहेच. पण त्या पाण्यावर बिऱ्हाड करून राहणारा माणूस तो रंग वाचत असतो. फिकट, हिरवट निळं दिसलं की खाली वाळू. गडद, डाग पडल्यासारखं दिसलं की समुद्री गवत. तपकिरी पट्टा म्हणजे प्रवाळाचा खडक, तिथून लांब राहायचं. गर्द निळं म्हणजे खोल पाणी. आणि हे वाचायला सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे हवा. म्हणून अनोळखी बेटाशी दुपारी तीन-चारच्या आत पोचायचं हा तिथला नियम. सूर्य समोर आला की पाणी नुसतं चकाकतं आणि खडक दिसेनासा होतो.

मी जन्माचा ठाणेकर. नोकरी सगळी व्यापारी जहाजांवर, इंजिनरूममध्ये. इंजिनरूमला खिडकी नसते, त्यामुळे तीस वर्षं समुद्रावर काढून समुद्र मी फार कमी पाहिला. निवृत्तीनंतर एका जुन्या जहाजी मित्राबरोबर भागीत अडतीस फुटांची वापरलेली शिडाची बोट घेतली. पाच हंगाम, दर वर्षी डिसेंबर ते मे, मी आणि माझी बायको तिच्यावर राहिलो. जागा कॅरिबियन समुद्राची पूर्वेकडची कड. तिथे ग्रेनाडापासून उत्तरेला सेंट व्हिन्सेंटपर्यंत लहान-लहान बेटांची माळ आहे, तिला ग्रेनाडीन्स म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे तिथे हिवाळाभर पूर्वेकडून वाहतात. नाताळच्या सुमारास ते जोर धरतात, मग आठ-आठ दिवस डोलकाठीच्या तारा रात्रंदिवस शीळ घालतात.

लोक मला वादळांबद्दल विचारतात, शार्कबद्दल विचारतात. मी आज नांगराबद्दल बोलणार आहे. कारण बोटीवर राहणारी माणसं वर्षातले फार थोडे दिवस शिडं उभारून चालत असतात. बाकी सगळे दिवस, आणि सगळ्या रात्री, एका जागी नांगर टाकून काढायच्या असतात. बोट चालवायला मी एका हंगामात शिकलो. एका जागी राहायला शिकायला मला पाचही हंगाम लागले.

आपल्या भाषेत शेतकऱ्याचा नांगर आणि नाखव्याचा नांगर हा एकच शब्द आहे. मला तो नेहमीच नुसता योगायोग वाटायचा. मग कळलं की केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये समुद्री विमानांसाठी जो नांगर तयार केला, तो शेतातल्या नांगराच्या फाळासारखाच आहे. तो वजनाने बोट धरत नाही. आमचा नांगर वीस किलोचा होता आणि बोट कित्येक टनांची. नांगर धरतो तो जमिनीत घुसून. आणि तो घुसावा म्हणून त्याच्यावरची ओढ आडवी पाहिजे. ओढ वर उचलणारी झाली की फाळ उपटला जातो. हे बैलांमागे चाललेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

ओढ आडवी राहावी म्हणून साखळी. पाणी पाच मीटर खोल, बोटीचं नाक पाण्यापासून एक मीटर वर, झाले सहा. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे तीस मीटर साखळी सोडायची. वारा वाढला तर सातपट. दहा मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. तिचा बराचसा भाग तळावर लोळत पडतो, आणि झटका आला की तीच आधी तो गिळते. साखळी सोडल्यावर इंजिन उलटं चालवून बोट मागे ओढायची, नांगर रुतला का ते बघायचं. मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, समजा एक माड आणि त्यामागचं चर्चचं टोक. त्या रेषेतून हलल्या तर आपण सरकतोय. शेवटी चष्मा लावून पाण्यात उतरायचं आणि नांगर डोळ्यांनी बघून यायचं. हे शेवटचं काम मी एकदा टाळलं.

दुसरा हंगाम होता. संध्याकाळ झाली होती, दिवसभर लाटांनी अंग आंबलं होतं. नांगर टाकला, बोट थांबली, मी म्हटलं लागला. रात्री दोनच्या सुमाराला पावसाची जोरदार सर आली आणि वाऱ्याने दिशा बदलली. बायको आधी जागी झाली. तिने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, शेजारच्या बोटीचा दिवा मोठा झालाय." दिवा मोठा झाला नव्हता, आम्ही त्याच्याकडे जात होतो. मी इंजिन सुरू करायला धावलो, ती टॉर्च घेऊन पुढे गेली. शेजारच्या बोटीवरचे सत्तरीचे फ्रेंच आजोबा आधीच रबरी गाद्या कठड्याबाहेर लटकवून उभे होते. दोन बोटींच्या मध्ये हातभर अंतर राहिलं असेल. नांगर वर घेतला तेव्हा फाळात गवताचा मोठा पुंजका अडकलेला. गवतावर नांगर लागल्यासारखा वाटतो, पण तो मुळांवर नुसता टेकलेला असतो. मी वरून थकवा बघितला, खालचा तळ बघितला नाही. त्या रात्री मी तीन तास डेकवर बसून काढले. आजोबा सकाळी आमच्याकडे कॉफीला आले आणि झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्या गवताची माझ्या मनात आणखी एक खंत आहे. मी ते उपटलं. समुद्री गवतात कासवं चरतात, माशांची पिल्लं वाढतात, तळाची वाळू त्याच्यामुळे धरून राहते. शेकडो बोटी रोज नांगर टाकतात तिथे गवताला टक्कल पडतं. भूमध्य समुद्रातल्या बॅलेअरिक बेटांवर २०१८ पासून पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवतावर नांगर टाकायला बंदी आहे. टोबॅगो केज नावाची पाच निर्जन बेटं ग्रेनाडीन्समध्ये आहेत, सागरी उद्यानच आहे ते. तिथे उद्यानाने तळाला पक्के बांधलेले तरंगते बोये आहेत, त्यांना दोरी बांधायची आणि शुल्क भरायचं. काही बोटवाले त्या शुल्कावरून कुरकुरतात. मला ते कधीच जास्त वाटलं नाही.

आता पाणी. चहूकडे पाणी आणि टाकीत तीनशे लिटर. शहरात दरडोई दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं सरकारी प्रमाण. आम्ही दोघं मिळून दिवसाला वीस लिटरमध्ये भागवत होतो. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. अंघोळ समुद्रात, वरून दोन तांबे गोडं पाणी. पाऊस आला की ताडपत्री ताणून टाकीत सोडायचा. माझी बायको ठाण्याच्या चाळीत वाढलेली, पहाटे नळाला रांग लावून. तिला यातलं काहीच शिकवावं लागलं नाही. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र पुष्कळ बोटींवर असतं. मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून पाणी रेटायला हवेच्या दाबाच्या सुमारे ५५ पट दाब लागतो, म्हणजे वीज, म्हणजे सौर पॅनेल किंवा डिझेल. आम्ही ते घेतलं नाही. घेतलं असतं तर दुरुस्त करायला आणखी एक वस्तू वाढली असती.

आणि दुरुस्ती हेच तिथलं रोजचं काम आहे. खाऱ्या हवेत सगळं गंजतं. बोटीला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा आणि त्याचा कणा यांच्याजवळ जस्ताचा तुकडा लावलेला असतो. पाण्यातली विद्युत-रासायनिक झीज तो स्वतःवर घेतो आणि पंखा वाचतो. तो संपत आला की बदलायचा, विसरलात तर पुढची पाळी पंख्याची. बुडाला शेवाळ आणि शंखाचे जीव चिकटतात, त्यासाठी विषारी रंग लावतात. पूर्वी त्यात कथिलाची संयुगं असत. त्यांनी शिंपल्या-गोगलगाईंची इतकी हानी केली की २००८ पासून जगभर त्यांच्यावर बंदी आली. हिशेबी बोटवाले दर वर्षी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला बाजूला ठेवतात. आमचा खर्च त्याहून कमी झाला तो फक्त मी इंजिनीअर होतो म्हणून.

शेजार मात्र असा मी दुसरीकडे पाहिला नाही. ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर सकाळी रेडिओवर सगळ्या बोटी एकमेकींशी बोलतात. हवामान, कुणाला डॉक्टर हवाय, कुणाकडे जादा पंप आहे, बाजाराची गाडी किती वाजता. पण ही सगळी पाहुण्यांची वस्ती. बेटांची खरी माणसं वेगळी. कारियाकू बेटावर विंडवर्ड नावाचं गाव आहे, तिथे आजही किनाऱ्यावर, झाडाखाली, लाकडी शिडाच्या होड्या बांधतात. २०२३ मध्ये युनेस्कोने त्या कारागिरीची नोंद मानवजातीच्या वारशात केली. मी तिथे दोन दुपारी नुसता बसून होतो. फळी वाफवून, वाकवून, फासळ्यांना जुळवणारे हात बघत. कारियाकूवरून पुढचं युनियन बेट म्हणजे ठाण्याहून रेल्वेने वाशीला जाण्याइतकंच अंतर, पण देश दुसरा. निघताना कस्टमचा शिक्का, पोचल्यावर 'तपासणी बाकी आहे' असं सांगणारं पिवळं निशाण, पुन्हा शिक्का. कागद नीट ठेवणाऱ्याला यात काही जड नाही.

जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. बोटी दक्षिणेकडे नेतात, कारण ग्रेनाडा बाराव्या अक्षांशावर आहे आणि वादळं बहुधा त्याच्या उत्तरेने जातात. बहुधा. २००४ मध्ये आयव्हन नावाचं वादळ थेट ग्रेनाडावर आलं. आणि १ जुलै २०२४ ला बेरिल कारियाकूवर आदळलं. आमची बोट मेमध्येच ग्रेनाडाच्या दक्षिणेला जमिनीवर काढून, पट्ट्यांनी बांधून ठेवली होती, ती वाचली. पण कारियाकूच्या टिरेल बेमध्ये तिवरांचं दाट बन आहे. वादळ आलं की बोटी त्या बनात शिरतात, चिखलात नाक खुपसतात आणि चारी बाजूंनी तिवरांच्या मुळांना दोर बांधतात. त्या दिवशीही शिरल्या. बेरिल इतकं प्रचंड होतं की कित्येक बोटी एकमेकींवर चढल्या आणि बनाची पानंन्‌पानं झडून ते तपकिरी झालं. कारियाकू आणि युनियनवरची बहुतेक सगळी घरं मोडली. आमच्या ओळखीचं एक जोडपं त्या बनात होतं. त्यांची बोट मोडली, ती दोघं सुखरूप राहिली. त्यांनी मला लिहिलं की दोर एकही सुटला नव्हता, मुळं शेवटपर्यंत धरून होती. आदळल्या त्या इतर बोटी.

हे मी ठाण्यात सांगतोय, कारण तिवरांचं तसंच बन आपल्याकडे ऐरोलीपासून वाशीपर्यंत उभं आहे. आपण साष्टी बेटावर बसलो आहोत हेही आपण विसरतो. पूर्वेला खाडी, उत्तरेला उल्हास नदी. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, साडेसहा हजार हेक्टर. आपण तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जातो, जावंच. पण त्या मुळांना बोट बांधून जीव वाचवलेल्या माणसांचं पत्र वाचल्यावर मला ते बन वेगळं दिसायला लागलं. भरावासाठी त्यावर राडारोडा टाकलेला दिसतो तेव्हा मला फार राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

मग इथे तसं राहता येईल का, असं तरुण मुलं विचारतात. तिकडे भरती-ओहोटीतलं अंतर अर्धा मीटर, म्हणून नांगराचं गणित दिवसभर तेच राहतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. भरतीला पुरेल इतकी साखळी सोडलीत तर ओहोटीला बोट तेवढ्याच मोठ्या फेऱ्यात फिरेल, आणि खाडीच्या वरच्या अंगाला चिखलात बसेल. शिवाय चार महिने पाऊस. इथे पाण्यावर जगणं कोळी बांधवांनी वेगळ्या रीतीने बसवलंय: चिखलाशी जुळवून घेणाऱ्या होड्या, पावसाळ्यात त्या वर ओढून शाकारणं, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. आणि घड्याळ तिथीचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. माझ्या फोनमध्ये भरतीचं ॲप आहे, तरी मी आधी तिथी मोजतो.

ही रीत मला चेंदणी कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने शिकवली. आता ऐंशीच्या पुढे आहेत, होडी मुलांकडे दिली. गेल्या दिवाळीत मी त्यांना हाच फोटो दाखवायला गेलो. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला. निळ्या रंगाबद्दल, डोंगराबद्दल, बोटीच्या किमतीबद्दल काही विचारलं नाही.

"तल कसला हाय तिथं?"

"वाळू, नाखवा. पाच मीटरवर. मी बुडी मारून बघितली."

त्यांनी फोटो परत दिला. "मंग झोपला असशील रात्री."

झोपलो होतो.