तान्ह्या बाळाचा श्वास आणि आयसीयूची खाट

नमस्कार श्रोतेहो. आज मला ब्रॉन्किओलायटिसबद्दल बोलायचं आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना, त्यातही पहिल्या काही महिन्यांतल्या तान्ह्या बाळांना गाठणारा हा आजार. सुरुवात साध्या सर्दीने होते. नाक वाहतं, अंग थोडं कोमट लागतं. दोन-तीन दिवसांनी खोकला वाढतो, छातीत घरघर ऐकू येते आणि बाळाला धाप लागते.

बहुतेक वेळा याला आरएसव्ही नावाचा विषाणू कारणीभूत असतो. मोठ्यांना त्याची नुसती सर्दी होते. बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यांत बारीक श्वासनळ्या मात्र सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. नळीची त्रिज्या निम्म्यावर आली, की हवेला होणारा अडथळा जवळपास १६ पटींनी वाढतो. म्हणून मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढ्याशा सुजेने बाळाचं पोट उडायला लागतं.

घाबरलेले आईबाप औषध मागतात, आणि ते साहजिकच आहे. पण विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. नेब्युलायझरमधून दिलेली श्वासनळ्या रुंदावणारी औषधं आणि स्टेरॉइड यांचाही या बाळांना फायदा होत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नाक मोकळं ठेवायचं, थोडं थोडं पाजत राहायचं, गरज पडली तर ऑक्सिजन द्यायचा, आणि वाट पाहायची. तिसरा ते पाचवा दिवस सर्वांत अवघड जातो. खोकला पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळला, तरी बहुतेक बाळं घरीच बरी होतात.

मग आयसीयूच्या खाटा कमी का पडतात? एक कारण म्हणजे हा विषाणू हंगामात येतो आणि सगळी बाळं त्याच काही आठवड्यांत आजारी पडतात. २०२२च्या शरद ऋतूत अमेरिकेतली मुलांची रुग्णालयं अशीच भरून गेली होती. दुसरं कारण आपल्या उपचारांच्या पद्धतीत आहे. नाकातून उबदार, दमट ऑक्सिजन वेगाने देणारं हाय फ्लो यंत्र हल्ली सर्रास लावलं जातं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १,४७२ बाळांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीपासून हाय फ्लो दिलेल्यांपैकी १२ टक्के बाळांना उपचार वाढवावे लागले; साधा ऑक्सिजन दिलेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं. पण आयसीयूत जाणाऱ्यांचं प्रमाण किंवा रुग्णालयातला मुक्काम यांत ठळक फरक पडला नाही. साध्या ऑक्सिजनवर न भागलेल्या बाळांना नंतर हाय फ्लो दिलं, तेव्हा त्यातली निम्म्याहून जास्त बाळं तेवढ्यानेच सावरली. म्हणजे आधी साधा ऑक्सिजन देऊन पाहायला हरकत नाही. तरीही जिथे हे यंत्र फक्त आयसीयूत असतं, तिथे केवळ यंत्रासाठी बाळ आयसीयूत जातं, आणि ज्याचा श्वास खरोखर थांबू लागला आहे त्याला खाट मिळत नाही. प्रशिक्षित परिचारिका असलेल्या साध्या वॉर्डात हे उपचार मिळायला हवेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

जगाचं दुसरं टोक याहून वेदनादायक आहे. २०१९ मध्ये आरएसव्हीमुळे पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं दगावली असा अंदाज आहे. त्यातले ९७ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. तिथे अनेक मुलांपर्यंत साधा ऑक्सिजनही वेळेवर पोचत नाही.

आता घरी काय पाहायचं ते सांगते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास होत असतील, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, नेहमीच्या निम्म्याहूनही कमी दूध ओढत असेल किंवा बारा तासांत लघवीच झाली नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ओठ निळसर दिसले, श्वास मध्येच थांबला किंवा बाळ मलूल पडलं, तर एक क्षणही थांबू नका. अगदी लहान आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कधी कधी श्वास थांबणं हेच पहिलं लक्षण असतं.

बाळाजवळ कुणी विडी-सिगारेट ओढू नये. सर्दी झालेल्याने बाळाचे पापे घेऊ नयेत, हात धुतल्याशिवाय उचलू नये. २०२३ पासून काही देशांत गर्भवतीला देण्याची आरएसव्हीची लस आणि बाळासाठी निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळू लागलं आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला हृदयाचा आजार असेल, तर हंगाम सुरू होण्याआधीच आपल्या डॉक्टरांना याबद्दल विचारा.